घरचा नॅस अकरावर अडकला, तर पाणी कुठे मुरतंय ते असं शोधा

दुपारी अडीचला काकांचा फोन आला. "अरे, तुझं ते मशीन पावणेपंधरा तास दाखवतंय. बेचाळीस वर्षांचे फोटो भरतोय मी, अजून बेचाळीस वर्षं लागायची काय?"

काकांचं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. तीन मजली, जुन्या विटांचं, दीड-दीड फुटी भिंतींचं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत एक अलिखित नियम झालाय: जपायची वस्तू तळमजल्यावर ठेवायची नाही. त्यामुळे दोन डिस्कचा छोटा नॅस, म्हणजे घरातल्या सगळ्यांना जाळ्यावरून वापरता येणारा फाइली साठवायचा डबा, दुसऱ्या मजल्यावर, टीव्हीच्या खोलीत. इंटरनेटचा मोडेम-राउटर आणि काकांचा कॉम्प्युटर खाली दिवाणखान्यात. दोन्हींच्या मध्ये भिंतीतून गेलेली पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची केबल. वर पाच पोर्टचा एक स्विच (एका केबलवर अनेक उपकरणं जोडणारा डबा), त्यात नॅस आणि टीव्ही.

६०० जीबी डेटा, वेग सेकंदाला ११.३ मेगाबाइट. कुणीतरी काकांना सांगितलं होतं, राउटर बदला. दुसऱ्याने सांगितलं, नॅसच हलका आहे, मोठा घ्या. मी म्हटलं, "काका, संध्याकाळी येतो. तोवर एक रुपया खर्च करू नका."

पुढे जे लिहितोय ते त्या संध्याकाळी केलेल्या क्रमानेच. तुमच्या घरी दुखणं दुसरं निघेल, पण शोधायची वाट हीच. नॅस तयार घेतलेला असो, जुन्या कॉम्प्युटरवर बसवलेला असो की रास्पबेरी पाय नावाच्या चिमुकल्या कॉम्प्युटरवर असो, फार फरक पडत नाही.

पहिलं काम: नीट मोजणे

"स्लो आहे" हे मोजमाप नव्हे. चार-पाच जीबीची एकच व्हिडिओ फाइल घ्या. ती कॉम्प्युटरवरून नॅसवर टाका आणि आकडा कागदावर लिहा. मग नॅसवरची दुसरी तेवढीच मोठी फाइल उलट कॉम्प्युटरवर आणा, तोही आकडा लिहा. दुसरी फाइल का? नॅस नुकतंच लिहिलेलं थोडा वेळ रॅममध्ये धरून ठेवतो. तीच फाइल परत मागितली तर ती डिस्कवरून न येता रॅममधून येते आणि आकडा फुगतो. फाइल मोठी का, याचंही कारण हेच. पाचशे एमबीची फाइल अख्खी रॅममध्ये मावते, डिस्कची परीक्षा होतच नाही.

विंडोजमध्ये कॉपीच्या खिडकीत 'अधिक तपशील' उघडलं की आलेख दिसतो. आकड्याइतकाच त्याचा आकारही बोलका असतो. सपाट रेघ आहे, करवतीसारखी वरखाली आहे, की आधी उंच आणि मग धपकन खाली, हेही लिहून ठेवा.

फोटोंच्या फोल्डरवर ही चाचणी करू नका. का ते पुढे येईल, काकांनीच ती चूक केली.

दुसरं: आकडा वाचायला शिकणे

इंटरनेटवाले मेगाबिट सांगतात, कॉपीची खिडकी मेगाबाइट दाखवते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त जाऊच शकत नाही, आणि डेटा ज्या छोट्या पाकिटांत जातो त्यांचा वरखर्च वजा जाता हातात पडतात ११ ते १२. गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटच्या, तारेची कमाल १२५, हातात ११० ते ११८.

एवढं डोक्यात बसलं की आकडाच पत्ता सांगतो:

- ११ ते १२, रेघ एकदम सपाट: वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा दुवा आहे. यात दुसरा संशय घ्यायचं कारण नाही.
- ११० ते ११८: काही बिघडलेलं नाही. गिगाबिट जाळ्याकडून याहून जास्त मिळणार नाही.
- ३० ते ४०, सपाट: डिस्क यूएसबी २च्या पोर्टात लावलेली आहे का बघा.
- ५ ते ९, वरखाली: बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय.
- सुरुवातीला शंभराच्या वर, काही जीबीनंतर २०-३०: जाळं बरं आहे, डिस्क दमते आहे.
- किलोबाइटमध्ये: एकतर हजारो बारक्या फाइली, नाहीतर मरायला टेकलेली डिस्क किंवा केबल.

काकांचा आकडा ११.३ होता आणि रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी. फोनवरच मला नव्वद टक्के कळलं होतं. उरलेल्या दहा टक्क्यांनी दोन तास घेतले.

तिसरं: दुवा किती वेगाने जुळलाय

दोन उपकरणं केबलने जोडली की ती आपापसांत बोलून वेग ठरवतात. दोघांना झेपेल तो मोठ्यात मोठा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट असं गेलं की 'लिंक स्पीड' दिसतो. पॉवरशेल वापरत असाल तर 'गेट-नेटअ‍ॅडॅप्टर' ही आज्ञा तेच सांगते. नॅसच्या कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्कच्या पानावर असतो. लिनक्सवर 'ईथटूल' आहे.

काकांच्या कॉम्प्युटरवर १००० दिसला. नॅसवरही १०००.

इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. दोन्ही टोकं गिगाबिट, म्हणजे जाळं ठीक, असं समजून लोक नॅसच्या सेटिंग उचकायला लागतात. पण कॉम्प्युटर सांगतो तो आकडा कॉम्प्युटर ते राउटर एवढ्याच तुकड्याचा. नॅसचा आकडा नॅस ते वरचा स्विच एवढाच. मधला तुकडा, भिंतीतला, दोघांनाही दिसत नाही. तो बघायचा तर राउटरच्या पानावर पोर्टचा वेग बघावा किंवा स्विचवरचे दिवे. पुष्कळ स्विचवर गिगाबिटला हिरवा आणि शंभराला नारंगी दिवा असतो. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, म्हणून खाली किंवा बाजूला छापलेली खूण वाचून घ्या.

वरच्या स्विचवर तीन दिवे लागले होते. नॅसचा हिरवा, टीव्हीचा नारंगी, भिंतीतून येणाऱ्या केबलचाही नारंगी. टीव्हीचं ठीक आहे, बऱ्याच टीव्हींना १०० मेगाबिटचंच पोर्ट असतं आणि ते सिनेमाला पुरतं. तिसरा नारंगी आमचा चोर.

तरीही लगेच पेचकस हातात घेतला नाही. आधी साक्षीपुरावा.

चौथं: जाळं आणि डिस्क वेगवेगळे तपासणे

फाइल कॉपी करताना दोन गोष्टी एकत्र चालतात, तारेतून जाणं आणि डिस्कवर लिहिणं. त्या वेगळ्या काढायला 'आयपर्फ३' हा छोटा फुकटचा प्रोग्राम आहे. तो नुसता डेटा एका मशीनमधून दुसऱ्यात फेकतो, डिस्कला हात लावत नाही. नॅसवर तो सर्व्हर म्हणून चालवायचा, आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि एस. कॉम्प्युटरवर ग्राहक म्हणून, उणे सी आणि पुढे नॅसचा आयपी पत्ता. उलट दिशा मोजायला शेवटी उणे आणि मोठा आर. गिगाबिट जाळं धड असेल तर ९४०च्या आसपास मेगाबिट येतात. आमच्याकडे आले ९४. म्हणजे डिस्क, सॉफ्टवेअर, नॅसचा प्रोसेसर सगळे निर्दोष.

नॅसवर आयपर्फ चढवता येत नसेल तर माझी आवडती पद्धत वापरा, वाट अर्धी करण्याची. लॅपटॉप उचला आणि नॅसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. मी लॅपटॉप वरच्या स्विचमध्ये लावला आणि तीच फाइल टाकली: ११२. म्हणजे स्विच, नॅस आणि त्यांच्यामधली तार बरी. दुखणं स्विचच्या अलीकडे. अशी दोन-तीनदा वाट अर्धी केली की कुठल्याही घरातला दोष सापडतो.

स्विचचाच संशय असेल तर लॅपटॉप थेट नॅसला जोडा. उलटी केबल लागते का, असं अजून लोक विचारतात. गिगाबिट पोर्ट स्वतःच जुळवून घेतात, साधी चालते. फक्त मध्ये राउटर नसल्यामुळे पत्ते कुणी वाटत नाही, ते हाताने द्यावे लागतात: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. काम झालं की दोन्हीकडे पुन्हा 'आपोआप' करायला विसरू नका, नाहीतर उद्या नॅस सापडेनासा होतो आणि शिव्या मला पडतात.

राउटरबद्दल एक गोष्ट. इंटरनेटच्या जोडणीबरोबर जो डबा येतो, त्याची लॅन पोर्टं बरेचदा सगळी सारखी नसतात. एक गिगाबिट आणि बाकी शंभराची, असे डबे मी कितीतरी घरांत पाहिलेत. खालचं लेबल वाचा. तसं असेल तर राउटर बदलायची गरज नाही. हजार-दीड हजारात पाच पोर्टचा गिगाबिट स्विच मिळतो. कॉम्प्युटर आणि नॅस दोन्ही त्यात लावा आणि स्विचमधून एक तार राउटरला द्या. घरातल्या घरातली फाइल मग राउटरच्या वाटेला जातच नाही.

पाचवं: केबल

या भागात रेंगाळतो, कारण जुन्या घरांत निम्म्याहून जास्त वेळा दोष इथेच निघतो.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या: नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, नारंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली, नीट दाबली गेली नाही किंवा हिरवट गंजली, तरी दिवा लागतो, इंटरनेट चालतं, टीव्ही चालतो, आणि सगळं गुपचूप शंभरावर येऊन बसतं. कुणी तक्रार करत नाही, कारण कुणाला कळत नाही. घरात नॅस आला की मग कळतं.

आधी स्वस्त उपाय: दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच कॉर्ड बदलून बघा. क्लिप तुटलेली, दाराखाली चेपलेली, कुत्र्याने चावलेली कॉर्ड सरळ फेकून द्या. आमच्याकडे कॉर्ड बदलून नारंगी नारंगीच राहिला.

मग भिंतीवरचा आयओ बॉक्स, म्हणजे केबल जिथे जॅकला जोडतात ती डबी, उघडला. वरचा, टीव्हीच्या मागचा. जॅकवर नारंगी आणि हिरवी जोडी नीट दाबलेली. तपकिरी जोडी केबलच्या अंगाभोवती गुंडाळून ठेवलेली, कुठेच न लावलेली. आणि निळी जोडी? ती बॉक्सच्या बाजूच्या भोकातून बाहेर गेली होती, पट्टीखालून कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या डबीत. काकूंच्या वरच्या फोनला.

ज्या वायरमनने काम केलं त्याने डोकं लढवलं होतं. इंटरनेटला चार तारा लागतात, उरल्या चार, मग टेलिफोनला वेगळी वायर कशाला? शंभर मेगाबिटच्या जमान्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. "चालशे" म्हणाला असेल, आणि इतकी वर्षं चाललंही.

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी किती वर्षं सांगतेय, खालून फोन वाजला की वरचा टीव्ही अडकतो. कुणी ऐकून घेतलंय?" खरंच कुणी घेतलं नव्हतं. घंटी वाजताना टेलिफोनच्या जोडीवर व्होल्टेज बरंच चढतं, आणि शेजारच्याच जोड्यांतून डेटा जात होता. घरातल्या माणसांची निरीक्षणं आधी विचारून घ्यावीत, ती आयपर्फच्या आधीची पायरी असावी असं मला आता वाटतं.

दुरुस्ती अशी. आधी खाली जाऊन मोडेमच्या फोन-पोर्टातली पिन काढली. टेलिफोनच्या जोडीवर एरवीही ४८ व्होल्टच्या आसपास असतात, घंटीला त्याहून जास्त. जीव जात नाही, पण शिडीवर उभं असताना झटका बसायला नको. मग दोन्ही टोकांना नवे जॅक बसवले. तारांचा क्रम बहुतेक घरांत 'बी' पद्धतीचा असतो: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'ए' पद्धतीत नारंगी आणि हिरवा यांची अदलाबदल असते. कुठलीही चालेल, दोन्ही टोकांना एकच हवी. जॅकवर रंग छापलेले असतात, तेही ए आणि बी असे दोन ओळींत, म्हणून चष्मा लावून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. जोडीचा पीळ जॅकच्या अगदी तोंडापर्यंत ठेवा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. पीळ शोभेचा नाही, बाहेरचा गोंगाट त्यामुळेच आत येत नाही. आणि तार दाबायला पंचिंगचं हत्यारच वापरा. पेचकसाने दाबलेली तार आज लागते, पावसाळ्यात सुटते.

आठ दिव्यांचा केबल टेस्टर जवळ असेल तर जरूर लावा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. तो फक्त तार तुटली नाही एवढं सांगतो. जोड्यांची सरमिसळ झाली असेल, म्हणजे निळ्याची एक आणि हिरव्याची एक अशी जोडी बनवली असेल, तरी आठही दिवे खुशाल लागतात. शेवटचा निवाडा लिंक स्पीड आणि आयपर्फचा.

वरच्या स्विचवरचा दिवा हिरवा झाला. आयपर्फ ९४१. मोठी फाइल ११२ने गेली.

केबल मुळातच खराब असेल तर नवी ओढावी लागते. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून ओढली तर भिंत फोडायला लागत नाही, पाइपात वळणं कमी असतील तर. नवी घेताना अंगावर 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' छापलेलं असावं. अंतर १०० मीटरपर्यंत असेल तर ५ई गिगाबिटला पुरेशी आहे. दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: आत शुद्ध तांबं आहे की तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम? तार नखाने किंवा ब्लेडने खरवडली की आत चांदीसारखं दिसतं ते अ‍ॅल्युमिनियम. वजनाला हलकं, दोन-चारदा वाकवलं की तुटतं. भिंतीत घालायला ते घेऊ नका.

वाय-फायवाल्यांसाठी थोडं

जुन्या वाड्यांच्या भिंती वाय-फाय गिळतात. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानते. २.४ची लांब जाते, पण हळू, आणि शेजारच्या दहा घरांबरोबर तीच वाट वाटून घेते. फोन किंवा लॅपटॉप ८६६ मेगाबिटचा दुवा दाखवत असला तरी हातात त्याच्या अर्ध्याच्या आसपासच धरा, कारण वाय-फायमध्ये एका वेळी एकालाच बोलता येतं. त्याच खोलीत ५०-६० मेगाबाइट आले तर नशीब, दोन भिंती ओलांडल्यावर १० आले तरी तक्रार नको.

नॅस स्वतः मात्र कधीही वाय-फायवर ठेवू नका. नॅस आणि लॅपटॉप दोन्ही वाय-फायवर असले तर प्रत्येक बाइट हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्मा होतो. एकाच रेडिओवर चालणारा स्वस्त एक्स्टेंडर लावला तर पुन्हा निम्मा. पहिल्यांदा सगळा डेटा भरताना तरी लॅपटॉपला तार लावा. नंतर रोजचे दहा-वीस फोटो हवेतून गेले तरी काय बिघडतं.

काकांचा दुसरा फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. "परत आठवर आलं रे! रात्री शंभर होतं." आवाजात मी काहीतरी अर्धवट करून ठेवलंय असा भाव.

काकांनी मोबाइलमधला फोटोंचा फोल्डर टाकायला घेतला होता. चाळीस हजारांवर फाइली: दोन-तीनशे केबीचे सुप्रभातचे फुलवाले संदेश, स्क्रीनशॉट, त्यात कुठेतरी नातीचे फोटो.

हा दोष नव्हता. मांडवीजवळची आमची सेंट्रल लायब्ररी ठाऊक असेल, सयाजीरावांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ज्या ग्रंथालयांच्या कामाचा पाया घातला, त्यातली. काचेच्या फरशीचे मजले आहेत तिथे. समजा तुम्हाला हजार पानं वाचायची आहेत. हजार पानांचं एक पुस्तक मागितलं तर एक चिठ्ठी, एक फेरी. एकेक पानाच्या हजार पुस्तिका मागितल्या तर हजार चिठ्ठ्या, हजार नोंदी, हजार फेऱ्या. माणूस तोच, वेग तोच, दिवस मात्र गेला. नॅसवर प्रत्येक फाइलमागे उघड, नाव लिही, परवानगी तपास, वेळ नोंदव, बंद कर, एवढं कारकुनी काम असतं. डिस्कची सुई दर वेळी जागा शोधायला मिलिसेकंदं घेते. फाइल छोटी असली की कारकुनीच जास्त आणि माल कमी.

उपाय दोन. विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' आधीपासूनच असते. तिला एमटी हा पर्याय दिला की ती एकाच वेळी आठ फाइली उचलते, आकडा वाढवून सोळाही करता येतात. एक चिठ्ठी फिरत असताना दुसऱ्या सात फिरतात. मध्येच वीज गेली तर तीच आज्ञा परत दिली की झालेल्या फाइली ती सोडून देते, हा फायदा वेगाहूनही मोठा. दुसरा उपाय, जुनं पुराणं जे रोज उघडायचं नाही त्याची एकच झिप करून टाकणं. काकांना मी तिसराच सांगितला: रात्री लावून झोपा.

डिस्क खरंच दमत असेल तर

आयपर्फ ९४० देतोय, मोठी एकच फाइल आहे, तरी वेग पडतोय, तेव्हाच डिस्ककडे बघा.

धड असलेली साडेतीन इंची डिस्क सलग लिहिताना १५० किंवा त्याहून जास्त मेगाबाइट देते, म्हणजे गिगाबिट जाळ्याच्या पुढेच असते. डिस्क भरत जाते तशी ती आतल्या वर्तुळांवर लिहायला लागते आणि वेग हळूहळू निम्म्यावर येतो, ते नैसर्गिक आहे. नव्वद टक्क्यांच्या वर भरू देऊ नका.

सुरुवात जोरात आणि मग २०-३०वर घसरण, असं लिहिताना नेहमी होत असेल तर डिस्क एसएमआर जातीची असू शकते. यात पट्टे कौलारू छपरासारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं उचलून पुन्हा लावावी लागतात. डिस्क आधी एका मोकळ्या पट्ट्यात घाईघाईने लिहून घेते, तो भरला की उघडी पडते. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क अशा आहेत आणि ते कुठे सांगितलेलं नव्हतं, यावरून मोठा गदारोळ झाला होता. त्यानंतर कंपनीने सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. डिस्क घेताना मॉडेल क्रमांकावरून सीएमआर आहे ना, हे कंपनीच्या पानावर बघूनच घ्या. आधीच एसएमआर घेतली असेल तर बॅकअपसाठी ठेवा, आरशासारख्या दुहेरी रचनेत, म्हणजे दोन डिस्कांवर तोच डेटा असतो तिथे, घालू नका.

मग तब्येत. नॅसमध्ये 'स्मार्ट' नावाचं पान असतं. बाकीचे तीस आकडे सोडा, चार बघा: ५, १९७, १९८ आणि १९९ क्रमांकाच्या ओळी. पहिल्या तीन म्हणजे डिस्कच्या पृष्ठभागावर खराब जागा. त्यांचा कच्चा आकडा शून्यावरून सरकून वाढत चालला तर वेगाची चिंता बाजूला ठेवून आजच दुसरी प्रत काढा. १९९ वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष आणि तिची साटा केबल (डिस्कची डेटाची तार) किंवा खोबण ढिली.

नवा नॅस पहिले काही दिवस तसाही हळू असतो, कारण आतमध्ये तो डिस्कांचा मेळ घालत असतो, फोटोंची लघुचित्रं बनवत असतो, चेहरे ओळखत असतो. रिसोर्स मॉनिटर उघडा. डिस्क तुम्ही काही न करता शंभर टक्के कामात दिसली तर थांबा, सेटिंग बदलू नका.

यूएसबीची डिस्क लावली असेल तर पोर्टाचा रंग बघा. निळं असेल तर बहुधा यूएसबी ३. रास्पबेरी पाय ३पर्यंत यूएसबी २च होतं, ३बी प्लसचं गिगाबिट पोर्टही त्याच अरुंद वाटेने जात असल्याने ३०० मेगाबिटच्या पुढे जात नसे. २०१९च्या पाय ४पासून दोन्ही सुधारलं. लिनक्सच्या मशीनला एनटीएफएसची (विंडोजच्या मांडणीची) डिस्क लावून ठेवली असेल तर तेही एक कारण असू शकतं, जुना ड्रायव्हर प्रोसेसर फार खातो. कायमची राहणार असेल तर डेटा दुसरीकडे काढून लिनक्सच्या ईएक्सटी४ मांडणीत करा.

सॉफ्टवेअरच्या खोड्या

यांच्याकडे शेवटी यावं. कॉपी चालू असताना नॅसचा प्रोसेसर बघा. एक गाभा शंभर टक्क्यांवर अडकला असेल तर एन्क्रिप्शन किंवा साइनिंग हे पहिले संशयित. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि एंटरप्राइझमध्ये एसएमबीवर, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने नॅसवरच्या फाइली उघडते तिच्यावर, साइनिंग सक्तीचं झालं. प्रत्येक पाकिटावर सही करायची तर छोट्या प्रोसेसरचा दम जातो. पाय ४मध्ये एन्क्रिप्शनसाठी वेगळी सोय नाही, त्यामुळे एसएफटीपीने, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवणाऱ्या पद्धतीने, फाइली टाकल्या तर तोही धापा टाकतो. त्याच फाइली एसएमबीने टाकून बघा. साइनिंग बंद करायला मी सहसा सांगत नाही. त्यापेक्षा थोडा वेळ जास्त लागू द्या.

अँटिव्हायरस पाच मिनिटं थांबवून एकदा मोजा. फरक पडला तर नॅसच्या फोल्डरला त्यात सूट द्या.

आणि नॅस कुठल्या पत्त्याने उघडताय ते बघा. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये कंपनीच्या नावाचा आयडी टाकून घरातूनच जोडलं, तर कधी कधी फाइल घराबाहेर कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन परत घरात येते, आणि वेग तुमच्या इंटरनेटच्या अपलोडचा मिळतो. घरात असताना १९२.१६८ने सुरू होणारा पत्ताच वापरा.

जंबो फ्रेमच्या, म्हणजे पाकिटांचा आकार वाढवण्याच्या, नादी लागू नका. वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला तो आकडा मान्य असावा लागतो, एकाला नसला तर जाळं विचित्र अडतं, आणि फायदा मूठभर. दोन केबली लावून वेग दुप्पट करायची कल्पनाही एका कॉम्प्युटरसाठी फोल आहे, एक कॉपी सहसा एकाच तारेने जाते. ११२ खरोखरच कमी पडत असेल तर अडीच गिगाबिटचा स्विच आणि कार्ड घ्या. कॅट ५ई केबल तीच चालते आणि २८०च्या आसपास मिळतात, मात्र मग तेवढं देऊ शकणारी डिस्कही हवी.

काकांचे ६०० जीबी त्या रात्री मोठ्या फाइलींपुरते दीड-दोन तासांत गेले, सुप्रभातवाले पुढच्या रात्री लावले ते सकाळी नऊपर्यंत चालले. वरच्या मजल्यावरचा फोन मात्र मुका झाला. निळी जोडी मी नेटला देऊन टाकली ना. काकूंसाठी आता बिनतारी हँडसेट आणलाय, त्याचा पाया खाली मोडेमजवळ, हँडसेट वर. वाजला की टीव्ही अडकत नाही. पण काकू तो उचलत नाहीत, जिन्यातूनच हाक मारतात.